रात्रीची स्वस्त वीज : बचत किती, जागरण किती?

नांदेड/लातूर, खास प्रतिनिधी -

रात्री दहा वाजता यंत्रे सुरू करायची आणि सकाळी सहाला बंद करायची, हा शिरस्ता मराठवाड्यातील अनेक कारखानदारांनी वर्षानुवर्षे पाळला. कारण साधे होते. रात्रीची वीज स्वस्त आणि दिवसाची महाग. २०२५ मध्ये मात्र हे चित्र उलटले. त्या वर्षी १ जुलैपासून लागू करण्यात आलेल्या दरपत्रकात सवलतीचे तास रात्रीकडून दिवसाकडे, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेकडे सरकविण्यात आले. त्यामुळे दोन प्रश्न पुढे आले आहेत. रात्रीच्या सवलतीने इतकी वर्षे खरोखर किती पैसे वाचले? आणि आता घड्याळ पुन्हा फिरविण्यापूर्वी कारखानदाराने व घरगुती ग्राहकाने कोणता हिशेब मांडावा? लातूरची डाळ मिल असो, नांदेडचे जिनिंग असो की शहरातील तीन खोल्यांचे घर, या हिशेबाची रीत एकच आहे.

रात्र स्वस्त का होती?

विजेचा साठा करणे कठीण. जेवढी मागणी तेवढीच निर्मिती त्या क्षणी करावी लागते. कोळशावर चालणारा संच मात्र बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. रात्री दुकाने, कार्यालये, बहुसंख्य कारखाने बंद झाले तरी चंद्रपूर किंवा परळीसारख्या औष्णिक केंद्रांतील संच किमान क्षमतेवर तरी चालू ठेवावे लागतात. म्हणजे रात्री वीज उपलब्ध, पण गिऱ्हाईक नाही. याउलट सायंकाळी सहा ते दहा या वेळेत घरोघरी दिवे लागतात, बाजारपेठा उजळतात आणि मागणी शिखरावर जाते. ती भागविण्यासाठी १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना जलविद्युत प्रकल्पातील पाणी वापरावे लागते किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागते.

रात्रीची वीज किती शिल्लक राहत असे, याचा उत्तम नमुना म्हणजे घाटघर प्रकल्प. सह्याद्रीच्या कड्यावरील २५० मेगावॉटच्या या प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या धरणातील पाणी पंपाने वर चढविले जाते आणि सायंकाळी तेच पाणी खाली सोडून वीज तयार केली जाते. अशा प्रकल्पांत वर चढविताना लागलेल्या चार युनिटांमागे साधारणतः तीनच युनिट परत मिळतात. तरीही हा व्यवहार परवडतो, कारण दोन वेळांच्या विजेची किंमत एक नसते.

हेच तत्त्व ग्राहकाच्या देयकात उतरविणे म्हणजे 'टाइम ऑफ डे' दर. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी मोठ्या औद्योगिक ग्राहकांना तो लागू होता. २०२५ पर्यंतच्या दशकातील दरपत्रकांत त्याचे चार विभाग असत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रतियुनिट दीड रुपया सवलत. सकाळी ६ ते ९ आणि दुपारी १२ ते सायंकाळी ६ ना सवलत, ना अधिभार. सकाळी ९ ते १२ या तीन तासांत ८० पैसे अधिभार आणि सायंकाळी ६ ते रात्री १० या चार तासांत १ रुपया १० पैसे अधिभार.

डाळ मिलचा हिशेब

दीड रुपया हा आकडा कानाला गोड लागतो. तो खिशात किती पडतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. समजा, लातूर परिसरातील एका डाळ मिलला तासाला ४० युनिट वीज लागते. सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी पाळी, मध्ये दुपारची एक तास सुटी. एकूण ३२० युनिट. त्यांपैकी सकाळच्या तीन तासांतील १२० युनिटांवर ८० पैशांप्रमाणे ९६ रुपये अधिभार बसे. हीच पाळी रात्री १० ते सकाळी ६ अशी नेली, तर अधिभार वाचे आणि ३२० युनिटांवर ४८० रुपये सवलत मिळे. दोन्ही मिळून दिवसाला ५७६ रुपयांचा फरक. महिन्याचे २५ दिवस धरले तर १४ हजार ४०० रुपये.

येथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. त्यापुढचा मात्र अनेकदा राहून जातो. रातपाळीला माणूस दिवसाच्या मजुरीत येत नाही. सहा कामगारांना प्रत्येकी ८० रुपये जादा द्यावे लागले, तर ४८० रुपये तेथेच गेले. उरले ९६. त्यात आवारातील दिव्यांचा खर्च, रखवाली, चहापाणी आणि रात्री यंत्र बिघडले तर सकाळपर्यंत मेकॅनिक न मिळण्याची जोखीम. लातूरच्या बाजार समितीत सौदे दिवसा होतात, हमाल आणि मापाडी दिवसा मिळतात, मालमोटारी दिवसा भरल्या जातात. त्यामुळे रात्री मिल चालविणाऱ्या मालकाला दिवसाही कोणीतरी ठेवावेच लागते.

डाळ निवडणे, चाळणे या कामांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांच्या रातपाळीवर बंधन घातले होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती केली आणि सुरक्षितता, वाहतूक आदी अटींवर परवानगीची वाट मोकळी केली. या अटी पाळायच्या तर खर्च आला. मजुरीवर चालणाऱ्या छोट्या मिलला रात्रीची सवलत कागदावर दिसे तेवढी हाती का लागत नसे, याचे उत्तर येथे आहे. युनिटामागे मजूर कमी आणि यंत्र मोठे असेल तर रात्र परवडते. युनिटामागे मजूर जास्त असतील तर सवलत मजुरीतच जिरते.

काहीही न करणाऱ्याचा लाभ

या पद्धतीतील एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सर्वांत निर्धोक लाभ घड्याळ बदलणाऱ्याला नव्हे, तर घड्याळाकडे न पाहणाऱ्याला होत असे. चोवीस तास एकसारख्या भारावर चालणाऱ्या सूतगिरणीचे उदाहरण घ्यावे. रात्रीच्या आठ तासांची सवलत १२ रुपये, सकाळच्या तीन तासांचा अधिभार २ रुपये ४० पैसे, सायंकाळच्या चार तासांचा ४ रुपये ४० पैसे. तासाला एक युनिट धरले तर दिवसाअखेर ५ रुपये २० पैसे शिल्लक, म्हणजे प्रत्येक युनिटामागे सुमारे २२ पैसे. तासाला हजार युनिट वापरणाऱ्या गिरणीला एकही पाळी न बदलता दररोज ५,२०० रुपये वाचत.

शिवाय उच्चदाब ग्राहकाचा मागणी आकार ठरविताना सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत नोंदलेली कमाल मागणी धरली जात असे. अवजड यंत्रे रात्री चालविणाऱ्याला हा दुसरा लाभ होता. कित्येकदा तो युनिटमागच्या सवलतीहून महत्त्वाचा ठरे, कारण मागणी आकार दर महिन्याला मोजावा लागतो, मग युनिट कमी वापरले तरीही.

याउलट सर्वांत तोटा दुपारी २ ते रात्री १० अशी दुसरी पाळी चालविणाऱ्याचा होता. त्याचे निम्मे तास थेट महाग वेळेत पडत. ज्याची वीज रात्री आणि सायंकाळी अशी दोन्हीकडे विभागलेली होती, त्याच्यासाठी एक सोपा निकष होता. अधिभाराला अधिभार आणि सवलतीच्या बेरजेने भागायचे. ११० भागिले २६० म्हणजे साधारण ४२ टक्के. या दोन वेळांत मिळून जेवढी वीज लागते तिच्यातील ४२ टक्क्यांहून अधिक रात्री पडली तरच फायदा. त्याखाली सवलत दिसते, पण देयक वाढते.

हा निकष जगभर लागू पडतो. ब्रिटनमध्ये १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आहे. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, पण त्या बदल्यात दिवसाचा दर नेहमीपेक्षा जास्त. ज्या घरांत रात्री विटा तापवून दिवसभर ऊब देणारे हीटर होते, त्यांना तो परवडला. हीटर काढून टाकल्यावरही ज्यांनी जुनाच दर चालू ठेवला, त्यांचे देयक फुगले. दर तोच, पण घरातील वापर बदलला होता.

शेतकऱ्याची रात्र

नांदेड-लातूरच्या शहरी वाचकाला या विषयाची दुसरी बाजू माहीत असायला हवी. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने मराठवाडा मेटाकुटीला आला होता. शहरांत इन्व्हर्टरची दुकाने वाढली, तर गावांत पिकाला पाणी देण्यासाठी शेतकरी रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला निघू लागला. शेतीला तीन फेज वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळे. रात्री शिल्लक राहणारी वीज खपविण्याची ही सर्वांत मोठी सोय होती. कारखानदाराला रात्रीसाठी दीड रुपया मिळाला, शेतकऱ्याला साप-विंचवाची भीती आणि थंडी. त्याच्या जागरणाची नोंद कोणत्याच देयकात नव्हती.

दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी त्यातूनच उभी राहिली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. गावाजवळच्या जमिनीवर सौर पॅनेल उभारून त्या भागातील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. देशात इतरत्रही सौरऊर्जा वाढत गेली. परिणामी दुपारी विजेची मुबलकता होऊ लागली आणि रात्र पूर्वीसारखी शिल्लकीची राहिली नाही. स्वस्त तासांचा प्रवास रात्रीकडून दुपारकडे झाला तो असा.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून या बदलाला चौकट दिली. दिवसातील आठ 'सौर तासां'चा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा. मागणीच्या शिखर वेळेत औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांना किमान १.२ पट आणि इतरांना किमान १.१ पट दर असावा. दहा किलोवॉटवरील औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळता उर्वरित ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती.

राज्यात त्याची अंमलबजावणी सरळ झाली नाही. आयोगाने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या आदेशाला महावितरणच्या विनंतीवरून एप्रिलच्या सुरुवातीलाच स्थगिती मिळाली. जूनमध्ये फेरविचाराचा आदेश निघाला आणि त्याचे दर १ जुलैपासून लागू करण्यात आले. पुढे हा वाद न्यायालयातही गेला. दीर्घकालीन गुंतवणूक करू पाहणाऱ्या उद्योजकाने यातून एक बोध घ्यावा. दराची वेळ ही कायमची गोष्ट नव्हे.

रातपाळी आता कोठे उभी?

नव्या रचनेत सायंकाळी ५ ते रात्री १२ ही शिखर वेळ धरण्यात आली. म्हणजे रात्री दहाला सुरू होणाऱ्या जुन्या रातपाळीचे पहिले दोन तासच महाग वेळेत आले आणि उरलेल्या तासांची दीड रुपयाची सवलतही गेली. वर उल्लेखिलेल्या डाळ मिलचा ९६ रुपयांचा उरलासुरला नफा तोट्यात गेला. तिच्यासाठी उत्तर सोपे आहे. सकाळी ९ ते ५ ही तिची नैसर्गिक वेळच आता स्वस्त ठरते. जागरणही टळते.

सूतगिरणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिला दिवसाकडे सरकता येत नाही, कारण ती चोवीस तास चालते. केंद्रीय नियमांतील किमान प्रमाण धरून पाहिले, तर आठ तास २० टक्के सवलत आणि सात तास २० टक्के अधिभार यांची वजावट होऊन सरासरी एका टक्क्याहूनही कमी लाभ उरतो. आठ रुपये दर धरला तर युनिटामागे सात पैशांच्या आत. पूर्वीचे २२ पैसे आणि आताचे हे सात पैसे यांतील अंतर मोठ्या गिरणीसाठी महिन्याला लाखांत जाते. प्रत्यक्ष टक्केवारी दरपत्रकागणिक बदलते, पण दिशा हीच. सतत चालणाऱ्या उद्योगांना हा बदल खुपला तो यामुळेच.

घरात किती वाचेल?

घरगुती ग्राहकाला पूर्वी या भानगडीत पडण्याचे कारण नव्हते, कारण त्याचा मीटर युनिट मोजे, वेळ नव्हे. २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरला राज्यभर विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना ते लावणार नसल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर महिन्याअखेर देयक देणारे, पण वेळेची नोंद ठेवणारे 'टीओडी' मीटर बसविले जाऊ लागले. असा मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ च्या दरपत्रकाने सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सवलत दिली. ती पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचे ठरले.

महिना १८० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब पाहू. त्यांपैकी फ्रिज, पंखे, दूरचित्रवाणी यांची ६० युनिटे आपसूकच दिवसा पडतात. त्यांचे ४८ रुपये काहीही न करता वाचतात. वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, गच्चीवरील टाकीची मोटार ही कामे दिवसा आणली तर सरासरी रोज १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट सरकतात. आणखी ४३ रुपये. १६ टक्के वीज शुल्कातील बचत धरली तर एकूण १०६ रुपयांच्या आसपास.

यातही सगळे ग्राहकाच्या हाती नसते. नांदेड असो वा लातूर, नळाला पाणी कधी येईल हे महापालिका ठरवते. पाणी पहाटे आले तर मोटार पहाटेच लावावी लागते. सर्वाधिक वीज खाणारा गिझर सकाळी नऊच्या आत लागतो. उन्हाळ्यात कूलर आणि वातानुकूलन यंत्राचा खरा वापर सायंकाळनंतरचा. पती-पत्नी दोघे नोकरीला असतील तर दिवसभर घराला कुलूप असते. आणि घरात कोणी असेल, तर बहुधा गृहिणीच्या दिवसाचे वेळापत्रक या सवलतीसाठी बदलावे लागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ बदलल्याने युनिट कमी होत नाहीत. घरगुती दर टप्प्यांचा आहे. शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे ओलांडताना पुढील युनिटांचा दर झपाट्याने वाढतो. साध्या ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटचा 'बीएलडीसी' पंखा रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. दुसऱ्या टप्प्याचा दर दहा रुपये धरला तरी ही बचत दोनशे रुपये होते. म्हणजे घरातील सारी कामे दुपारी ओढून जेवढे वाचते, त्याच्या जवळपास दुप्पट एक पंखा बदलून वाचते. फेब्रुवारी ते ऑक्टोबर पंखा फिरत राहणाऱ्या मराठवाड्यात तर हे गणित अधिकच लागू पडते.

निर्णय देयकावरूनच

सवलतीच्या वेळेमागे धावायचे की नाही, याचा निर्णय जाहिरातीवरून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून घेण्यासारखा नाही. देयकावर वेळेनुसार युनिटांचे रकाने दिलेले असतात. बारा महिन्यांची देयके समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत. सवलतीच्या वेळेत आजच किती युनिट पडतात? आणखी किती खरोखर सरकविता येतील? आणि ती सरकविण्यासाठी मजुरी, देखरेख, नवे उपकरण किंवा झोप यांपैकी काय मोजावे लागेल? तिसऱ्या उत्तराची किंमत पहिल्या दोहोंच्या बचतीहून कमी असेल तरच बदल करावा. त्याचबरोबर ताज्या दरपत्रकातील तास आणि घरगुती वापरावर सायंकाळचा अधिभार आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

दीड रुपयाच्या सवलतीभोवती ज्यांनी संपूर्ण रातपाळी उभारली, त्यांना २०२५ मध्ये एका आदेशाने ती मोडावी लागली. आज दुपार स्वस्त आहे. साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि पंपाने पाणी चढविणारे प्रकल्प वाढले, तर उद्या ही वेळही बदलू शकेल. ज्याची यंत्रे आणि माणसे दोन्ही वेळांना सामावून घेऊ शकतात, त्याचेच देयक प्रत्येक बदलात हलके राहील. बाकीच्यांनी कमी युनिटांत तेच काम कसे होईल, हे आधी पाहावे. न वापरलेले युनिट कोणत्याही वेळेच्या दरपत्रकात फुकटच असते.